खालून चार इंच

सुहास रेठरेकर हा माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. लबाड असता तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. चौसष्ट वर्षांत त्यानं कुणाचा बांध कोरला नाही, कुणाच्या ठरलेल्या लग्नात मोडता घातला नाही. कराडजवळच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपात तीस वर्षं सुपरवायझरकी केली आणि निवृत्त झाल्यावर अंगणात दोन पेरू आणि एक कढीपत्ता वाढवला. चारचौघांत त्याच्या शब्दाला वजन होतं. अशा माणसाच्या हातून वाईट घडलं तर ते वाईट आहे हे त्याचं त्यालाच कळायला फार वेळ लागतो. इथे चोवीस वर्षं लागली, आणि तीही एका पेटीनं कान पिळला तेव्हा.

सत्तेचाळीस सालचा मे महिना. स्वातंत्र्याला शंभर वर्षं होणार, म्हणून वरून हुकूम निघाला होता की पंधरा ऑगस्टच्या आत सगळे जुने लोखंडी पूल तपासून घ्यायचे. उसाची ने-आण करणाऱ्या बिनचालकाच्या गाड्या आता वाड्या-वस्त्यांवरून फिरायच्या, आणि त्या पेलतील की नाही हे कळल्याशिवाय पुलावर सोडता येत नव्हत्या. आपल्या तालुक्यातल्या पुलांचं काम सुहासच्या मुलीकडे आलं. ओवी तिचं नाव, वय एकतीस, पुण्यात धातुशास्त्राची संशोधक आणि प्राध्यापक. बापाकडे मुक्कामाला आली ती हातात जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी घेऊन. पेटीचं नाव होतं 'कानोसा'.

या पेटीनं राज्यभर खळबळ उडवली होती, हे सुहासला पेपरातून ठाऊक होतं. कुठे टाकीचे जुने जोड बोलले आणि मेलेल्या कंत्राटदाराची अब्रू गेली, कुठे तीस वर्षांपूर्वी दोषी ठरलेला फिटर निर्दोष निघाला. सुहास त्या बातम्या वाचायचा आणि घाईनं पान उलटायचा. का उलटायचा हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर ओवीनं पेटी उघडली. लहानपणी बाबांनी तिला जोडावर हातोडी मारून कान लावायला शिकवलं होतं. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. ही पेटी म्हणजे त्या हातोडीची नात, असं ती म्हणाली, आणि मग तिनं बापाला सगळं नीट समजावून सांगितलं.

वितळलेलं लोखंड गोठताना त्यात बारीक कण धरतात. हे कण कुठल्या दिशेनं वाढले आणि केवढे झाले, हे उष्णता कुठून आली आणि कुठे निघून गेली यावर ठरतं. विरजण लावलेलं भांडं कुणी मध्येच हलवलं तर दह्यात त्याची रेघ राहते, तसंच हे. फरक एवढाच की लोखंडातली रेघ पन्नास वर्षांनीही जागेवर असते. कानोसा माणसाला ऐकू न येणारा आवाज चौसष्ट ठिकाणांहून जोडात सोडतो, परत येणारे पडसाद टिपतो आणि त्यावरून उलटं गणित मांडत जातो. जुनी यंत्रं जोडात पोकळी आहे की नाही एवढंच सांगायची. कानोसा जोड झाला कसा ते सांगतो. रस भरण्याआधी कडा कशा घासल्या होत्या, कुठला थर आधी बसला, वेल्डरचा हात किती वेगानं चालला, कुठे अडखळला. शिवाय वितळलेला रस जमिनीकडे ओघळतो, त्यामुळे माणूस वरून काम करत होता की खाली उताणा पडून, हेसुद्धा त्याला कळतं.

बोलता बोलता तिनं पेटीची आवाज सोडणारी पट्टी अंगणाच्या फाटकाला चिकटवली. फाटक सुहासनं स्वतःच्या हातांनी केलेलं. दोन मिनिटांनी ती म्हणाली की वरच्या बिजागरीपाशी तुमचा हात चाळीस सेकंद थांबलाय आणि पुढचं सगळं घाईत उरकलंय. सुहासला झटकन आठवलं. तिथेच तर दवाखान्यातून फोन आला होता, मुलगी झाली म्हणून. ओवीचे डोळे भरून आले. सुहासही हसला. फाटकाला एवढं आठवतंय, तर पुलाला काय काय आठवत असेल?

ते विचारायची वेळच आली नाही. ओवीनं आपण होऊन सांगितलं की उद्या पहिला पूल सातबहिणींच्या ओढ्यावरचा, मोरेवस्तीचा. तिथल्या एका जोडाचं काम कुणा यासीन शिकलगार नावाच्या वेल्डरनं केलं होतं. पूल खचला तेव्हा त्याचा परवाना रद्द झाला. दोनदा अर्ज करून काही झालं नाही. आता तिसऱ्यांदा अर्ज आलाय, आणि त्यात एकच मागणी आहे, माझा जोड कानोशाला ऐकवा. पेटीचा अहवाल जाईल त्याप्रमाणे अर्जाचा निकाल लागणार, आणि तो कायमचा.

"तोच ना बाबा," ओवीनं विचारलं, "तुमच्या गोष्टीतला झोपलेला वेल्डर?"

"तोच," सुहास म्हणाला. "हात चांगला होता त्याचा."

त्यानं कप उचलला आणि विसळायला आत घेऊन गेला. विसळलेला कप पुन्हा विसळला.

आता चोवीस वर्षांमागचं सांगायला हवं. ओढ्यावरचा पूल सतरा मीटरचा, आणि लोखंडी बीम मिळतो बारा मीटर लांबीचा. म्हणजे दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडणं आलं. असा जोड करायचे दोन रस्ते. एक म्हणजे कडा दोन्ही बाजूंनी तिरक्या घासायच्या, निम्मा रस वरून भरायचा, मग बीम उलटायचा आणि उरलेला निम्मा भरायचा. दुसरा म्हणजे कडा एकाच बाजूनं तिरक्या घासायच्या आणि सगळा रस वरूनच भरायचा. दुसरा रस्ताही वाईट नाही, पण त्यात शेवटी खालून तळ खरवडून पुन्हा भरावा लागतो. नाहीतर अगदी तळाची रेघ, जिला वर्कशॉपात रूट म्हणतात, ती कच्ची राहते. आणि पुलावर भार आला की ताण बसतो तो बीमच्या तळालाच. जिथे ओढ जास्त तिथेच कच्चं, असा तो प्रकार होतो. ड्रॉइंगवर अर्थातच दोन्ही बाजूंचा जोड काढला होता.

पण बीम उलटायला क्रेन लागते. वर्कशॉपची क्रेन बिघडलेली, भाड्याची क्रेन दुपारी दोनला येणार आणि लगेच पुलाच्या जागेवर जाणार. वस्तीवर उद्घाटनाची तारीख ठरलेली. सुहासपुढे प्रश्न सोपा होता: बीम उलटत बसायचं, की आज पाठवून द्यायचा.

त्या वर्कशॉपात एक रीत होती. जोड कसा करायचा ते सुपरवायझर बीमवर खडूनं लिहायचा. काम झालं की वेल्डर जोडाच्या शेजारी आपल्या नंबरचा पंच हातोडीनं ठोकायचा. खडू रंगाच्या पहिल्या हाताखाली जायचा. पंच पुढची शंभर वर्षं राहायचा. जोड केला कुणी हे लोखंडावर कोरलेलं असे, करायला सांगितला कुणी ते पुसलं जाई. यात काही वावगं आहे असं तीस वर्षांत कुणाला वाटलं नाही, सुहासला तर नाहीच. त्यानं खडू घेतला आणि बीमवर एकच शब्द लिहिला: 'वरून'. खाली एक बाण काढला.

यासीननं खडूकडे पाहिलं आणि मान हलवली. भाकरी उलटली नाही तर एका बाजूनं कच्चीच राहणार, असं तो म्हणाला. सुहासनं त्याला उडवून लावलं. जोडावर वरून पट्टी ठोकतोय ना मी, मग झालं तर. ही पट्टीसुद्धा आपल्याकडच्या वर्कशॉपांची जुनी खोड. जोडाबद्दल मनात पाल चुकचुकली की वर एक पट्टी मारायची. मन शांत होतं, जोड आहे तसाच राहतो. यासीननं कडा एका बाजूनं घासल्या, वरून रस भरला, पट्टी बसवली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली गेले. सुहास क्रेनवाल्याला फोन करायला ऑफिसात गेला आणि चाळीस मिनिटांनी परतला, तर बीम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवलेला, आणि बीमखाली यासीन उताणा पडलेला. तोंडावर काळा मुखवटा, हालचाल नाही. क्रेन फाटकात उभी. सुहासनं त्याच्या बुटाच्या तळव्याला लाथ मारली आणि विचारलं, काय रे, दुपारची वामकुक्षी चाललीय का? लिंबाखालचे दहा जण पोट धरून हसले. यासीन बाहेर आला, एका हातानं मान दाबून धरलेली. पंच घेतला, वाकला आणि बीमच्या खालच्या आडव्या पट्ट्याच्या तळाला ठोकला: वाय-१९. पंच वरच्या अंगाला मारायचा असतो हे सुहासच्या लक्षातही आलं नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेची प्रभातफेरी पुलावरून निघाली. बंदुकीसारखा आवाज झाला आणि पूल मध्यावर हातभर खचला. मुलं एकमेकांवर पडली. अकरा जखमी झाली, सहावीतल्या एका मुलीचा हात कायमचा अधू झाला. पण पूल ओढ्यात कोसळला नाही. देवानं राखलं म्हणून वस्तीनं सातबहिणींना अकरा नारळ फोडले.

चौकशीत सुहासला विचारलं, जोड कुणाचा? त्यानं पंच दाखवला. वेल्डरला ड्रॉइंग दाखवलं होतं का? दाखवलं होतं, महिन्यापूर्वी. खोटं काय होतं त्यात? खडूचं कुणी विचारलं नाही आणि सुहासनं सांगितलं नाही. यासीन मात्र म्हणाला की साहेबांनी खडूनं 'वरून' लिहिलं होतं, आणि जीव राहवेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी खालून चार इंच मारलं. त्यावर सुहास जे बोलला तेच पुढे चोवीस वर्षं टिकलं. तो म्हणाला, हा माणूस त्या वेळी बीमखाली झोपला होता, दहा जणांनी पाहिलंय. दहा जणांनी माना डोलावल्या. हसले होते ना ते, मग पाहिलंच होतं त्यांनी. तपासणीवाल्यांच्या तेव्हाच्या यंत्राला जोड निम्मा कच्चा आणि निम्मा पक्का दिसला. पक्का भाग पक्का कसा झाला हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो नशिबाच्या नावावर टाकला गेला. यासीनचा परवाना गेला. पूल उचलून, डाव्या-उजव्या अंगांनी नटबोल्टच्या पट्ट्या आवळून दुरुस्त झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास ओवीबरोबर ओढ्यावर गेला. तिनं बोलावलं नव्हतं, तोच म्हणाला येतो. रात्रभर त्यानं मनाशी तयारी केली होती. पेटी सगळं ओकणार, तेव्हा निदान समोर असावं, पोरीला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको, एवढा विचार करण्याइतका तो बाप होता.

पुलाखाली मचाण बांधलं होतं. ओवीनं त्यावर चढून तळाचा रंग खरवडला. आधी गंज निघाला, मग वाय-१९ निघालं, काल मारल्यासारखं. तिनं पेटीची पट्टी चिकटवली. पेटी अर्धा तास कुरकुरत राहिली. सुहास काठावरच्या दगडावर बसून आपले हात बघत होता.

ओवी खाली उतरली आणि पडद्यावर बघत सांगू लागली. कडा एकाच बाजूनं घासलेल्या आहेत. ड्रॉइंगवर दोन्ही बाजूंनी आहेत. त्या काळी छोट्या वर्कशॉपात वेल्डर स्वतःच कडा घासायचा. म्हणजे त्यानं ड्रॉइंग डावललं. पेटीनं अहवालाचा मसुदाही लिहून टाकला होता: जबाबदार, पंच क्रमांक वाय-१९ चा धारक. अर्ज नामंजूर व्हावा, अशी शिफारस.

सुहासला पहिल्या क्षणी काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्याला हायसं वाटलं. रात्रभर छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. एवढी शहाणी पेटी, पण तिला फक्त हात ऐकू येत होता. त्या हाताला हुकूम कुणी दिला हे ऐकायची सोय तिच्यात नव्हती. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तो चोवीस वर्षांचा तरबेज.

आणि मग त्याला आपल्याच हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. चौकशीच्या वेळी नोकरी होती, लहान पोर होती, भीती होती. काहीतरी सबब होती. आज काय होतं? निवृत्त माणूस, दोन पेरूची झाडं. तरीही दुसऱ्याचा गळा पुन्हा कापला जातोय म्हटल्यावर आपला सुटल्याचा आनंद झाला. म्हणजे आपण हे असे आहोत. भीतीनं झालेलो नाही, असेच आहोत.

"थांबा हं," ओवी म्हणाली. "हे काय आहे?"

तिनं चित्र फिरवलं. जोडाच्या एका टोकाला, तळाशी, एक वेगळा थर होता. रस उलट्या बाजूला लोंबलेला. म्हणजे हे काम बीमखाली उताणं पडून, वर हात करून केलेलं. अंगावर ठिणग्या झेलत. हाताचा ठेका तोच, वाय-१९ चा. लांबी चार इंच. आठ इंच रुंद पट्ट्यातला बरोबर निम्मा. आणि पुढे काही नाही. वेल्डिंगच्या एका रॉडच्या मध्यावर हात एकदम थांबलाय, कुणी झटका दिल्यासारखा.

ओवी बराच वेळ आकडेमोड करत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली की हे चार इंच नसते तर पूल त्या दिवशी मुलांसकट खाली गेला असता. सगळा भार या चार इंचांनी धरला. जेवणाच्या सुट्टीत मारले म्हणून जबानीत लिहिलंय, ते हेच.

"बाबा, हा माणूस झोपला नव्हता."

सुहास उठून उभा राहिला. बसून बोलणं त्याला जमेना.

"खडूनं मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "वरून मार, असं. त्यानं मला सांगितलं होतं की कच्चं राहील."

ओवीनं पडदा खाली केला.

"आणि झोपल्याचं?"

"मला दिसला तसा. पडलेला होता." तो थांबला. खरं बोलायला सुरुवात केल्यावर अर्धंच बोलणं आणखी वाईट, हे त्याला कळत होतं. "मी वाकून बघितलं नाही, ओवी. वाकलो असतो तर गरम जोड दिसला असता. मला बघायचाच नव्हता. क्रेन आली होती."

ओढ्यात पाणी नव्हतं, त्यामुळे आवाजही नव्हता. ओवी रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुहासला वाटलं.

"माझं प्रत्येक व्याख्यान मी त्या गोष्टीनं सुरू करते," ती म्हणाली. "झोपलेला वेल्डर. सात वर्षं सांगतेय. मुलं हसतात."

तिनं पेटी मिटली आणि गाडीकडे चालू लागली. तिच्या मागे जाताना सुहासला वाटलं की आपण चोवीस वर्षांत एकट्या यासीनलाच फसवलं असं नाही. आपलं खोटं या पोरीच्या तोंडून किती वर्गांत, किती पोरांच्या डोक्यात जाऊन बसलंय, आणि ती पोरं आता कुठकुठे सुपरवायझर झाली असतील. त्या सगळ्यांपर्यंत पोचायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

गाडीतच त्यानं जबाब लिहिला. पेटीला तोंडी सांगितला असता तरी चाललं असतं, पण त्याला स्वतःच्या अक्षरात हवा होता. दोन पानं झाली. खडू, बाण, भाकरी, लाथ, दहा जण, सगळं आलं. खाली सही आणि पूर्ण नाव. ओवीनं वाचला, अहवालाला जोडला आणि मसुद्यातली शिफारस खोडली. मग तिनं गाडीला यासीनचा पत्ता सांगितला. सुहास म्हणाला की उद्या गेलो तर? ती म्हणाली, "आज."

यासीन शिकलगारचं दुकान विट्याच्या रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. परवाना गेल्यावर त्यानं पुन्हा कधी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता. बापजाद्यांच्या धंद्याला परतला होता, धार लावायच्या. मशिननं ऊसतोड होत असली तरी बांधाकडेच्या उसाला कोयता लागतोच, त्यामुळे समोर कोयत्यांचा ढीग. बासष्ट वर्षांचा, अंगानं काटक, पांढरी दाढी. सदऱ्याच्या गळ्यापाशी भाजल्याचा रुपयाएवढा जुना डाग. सुहासला तो डाग दिसला आणि मानेवर दाबून धरलेला तो हात आठवला. तोही त्यानं तेव्हा पाहिला होता, आणि विचारलं नव्हतं.

सुहास शेडच्या तोंडाशी उभा राहूनच बोलला. पूर्वी तो यासीनला अरे-तुरे करायचा. आज जीभ तिकडे वळेना. सांगताना मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, काही गाळलं नाही. यासीननं हातातल्या कोयत्याची धार पुरी होईपर्यंत चाक थांबवलं नाही. मग कोयता बाजूला ठेवला, अंगठा पातीवर फिरवला आणि सुहासकडे न बघता ओवीला विचारलं.

"बाई, एक सांगा. ते चार इंच धरलं व्हतं का?"

ओवीनं पडदा त्याच्यापुढे धरला. मग सांगितलं की धरलं होतं काका, पूल त्याच्यावरच राहिला. मुलं त्याच्यामुळे वाचली.

यासीननं चष्मा लावला. चित्रातल्या थरावरून बोट हळूहळू पुढे नेत गेला, स्वतःशीच मान हलवत, जसा एखादा जुना माणूस आपलंच जुनं पत्र वाचतो. टोकाशी बोट थांबलं.

"हितं यांनी बुटाला लाथ मारली," तो म्हणाला. "ठिणगी गळपट्ट्यात गेलेली, म्हणून दम खात पडलो व्हतो. निम्मा रॉड शिल्लक व्हता हातात."

सुहासनं हात जोडले. काहीतरी बोलणार होता, पण 'माफ करा' हे शब्द त्या शेडमध्ये इतके हलके वाटले की अर्ध्यावरच राहिले. यासीननं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सुहासला खाली मान घालता आली असती. तो नुसता बघत होता, माप घेतल्यासारखा.

माफीचं पुढं बघू, असं तो म्हणाला. मी अजून ठरवलं न्हाई, आणि तुम्ही घाई करू नका. परवाना आला तर चौकटीत घालून भिंतीला लावीन, आता डोळ्यांनी काम हुणार न्हाई. मग तो उठला, मागच्या फळीवरून एक गंजलेला पत्र्याचा डबा घेऊन आला. आत पंच होते, एकेका इंग्रजी अक्षराचे.

"त्या जोडाचं वरचं काम तुमचं, खालचं माझं. म्हणून मी नंबर खाली मारला व्हता," यासीन म्हणाला. "चोवीस वर्षं तिथं तो एकटाच हाय. तुमचं नाव मारून या शेजारी. पुरं नाव. वर न्हाई मारता येणार, वर तुमची पट्टी हाय."

सुहासनं डबा घेतला. सुपरवायझरचा पंच नसतो. उभ्या आयुष्यात त्यानं एकाही जोडावर आपलं काही ठोकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोरेवस्तीचा बाजार होता. तपासणीचं मचाण अजून काढलं नव्हतं. सुहास सकाळी नऊला, भर वर्दळीत, डबा आणि हातोडी घेऊन त्यावर चढला. ओवी काठावर उभी होती. आली होती, एवढंच. तळाला ठोकायचं तर उताणं पडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. चौसष्ट वर्षांची पाठ फळीला टेकली तेव्हा बीम नाकापासून हातभरावर आला. वाय-१९ त्याच्या अगदी डोळ्यांसमोर होतं. शेजारी हातानं चाचपल्यावर ते चार इंच लागले, आणि ते संपतात ती जागाही लागली.

पहिलं अक्षर तीन घाव घालून उमटलं. प्रत्येक घावाला गंज खाली पडायचा, डोळ्यांत, तोंडात, गळ्यात. दुसरं वाकडं आलं. चौथ्या अक्षराला हात इतका भरून आला की हातोडी छातीवर ठेवून तो डोळे मिटून पडून राहिला.

वरून बाजाराला निघालेली माणसं जात होती. कुणीतरी कठड्यावरून वाकलं. सुहासला ओळखणारंच कुणी असावं, कारण आवाजात थट्टा होती, चांगल्या मनाची.

"काय रेठरेकर साहेब, झोपलाय व्हय खाली?"

वर चारपाच जण हसले. सुहासला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात गंज होता आणि मान वळवता येत नव्हती. त्यानं हातोडी पुन्हा उचलली. अजून अख्खं आडनाव बाकी होतं.